सीआरओवरचं दही

रुआबांध्यातल्या लांजेवारांच्या घरी हिवाळ्यात दही कुठे लागतं, तर सीआरओवर. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, सीआरओ म्हणजे काय? तर जुन्या छोट्या टीव्हीसारखा एक जडशीळ डबा. त्याची तार एखाद्या यंत्राला लावली, की त्या यंत्रात वीज कशी उसळते आहे त्याची हिरवी रेघ पडद्यावर नाचते. शामसुंदर लांजेवारांचा हा डबा असा तापायचा, की जरा वेळ चालला म्हणजे वर हात ठेवून बसावंसं वाटे. रत्नमालाबाईंनी ही ऊब कधी वाया जाऊ दिली नाही. संध्याकाळी विरजण लावलेलं भांडं कपड्यात गुंडाळून त्या सीआरओच्या डोक्यावर ठेवून देत. सकाळी असं दही, की भांडं उलटं केलं तरी पडायचं नाव नाही!

"माह्या सवतीनं एवढं एकच काम चांगलं केलं," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

शामसुंदर स्टील प्लान्टात इन्स्ट्रुमेंट शॉपला होते. शॉपमध्ये नवी यंत्रं आली तेव्हा हा सीआरओ भंगारात निघाला आणि शामसुंदरनी तो लिलावात उचलून घरी आणला. रिटायर झाल्यावर पुढच्या खोलीत टेबल टाकलं, सोल्डरिंगचं सामान, कात्री-पकड मांडली, मधोमध सीआरओ बसवला, आणि दुर्गपासून नंदिनी नगरपर्यंतचे साउंडवाले, बँडवाले, मंडळवाले दारात येऊ लागले. लांजेवारांच्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही, अशी त्यांची ख्याती. परवाच्या कोजागिरीला समाजानं त्यांचा सत्कारसुद्धा केला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं लांबलचक भाषण. त्यात 'अचूक' हा शब्द इतक्या वेळा आला की दूध आटून गेलं. नारळाची रत्नमालाबाईंनी बर्फी केली. शाल मात्र मऊ, गरम, मरून रंगाची, दोन्ही टोकांना सोनेरी गोंडे. ती कपाटात ठेवून काय लोणचं घालायचं? जुना टॉवेल गेला आणि सत्काराची शाल दह्याच्या भांड्याला गुंडाळली जाऊ लागली.

तर अशा घरात यंदा लेक भूमिका आली. पुण्याला कंपनीत होती, हिवाळ्यापुरतं घरून काम करायची परवानगी काढून आली होती. आली ती बापाच्या टेबलाकडे बघून कपाळावर हात मारूनच.

"पापा, सच्ची सांगू? हे आता म्युझियममध्ये द्या. नवा सीआरओ पुस्तकाएवढा येतो. वजन नाई, गरम होत नाई, आकडा सोताच लिहून दाखवते."

"मले वाचता येते," शामसुंदर म्हणाले. "लिहून द्याची काई गरज नाई."

"हा चालू केल्यावर अर्धा घंटा तं तुमी नुसते पाहत बसता!"

"तो गरम होऊन राहिला असते. तू नाई का सकाळी उठल्यावर अर्धा घंटा कोनासंग बोलत?"

रत्नमालाबाई आतून खो खो हसल्या. भूमिका काही हटणारी नव्हती. रोज जेवताना मोबाईल समोर धरायची. हा बघा, तो बघा, याला दोन तारा, त्याला चार. शामसुंदर भाजीचं कौतुक करून विषय बदलायचे. वांग्याची भाजी कधी एवढी वाखाणली गेली नव्हती त्या घरात.

वरवर ही नुसती थट्टा होती. आत वेगळंच शिजत होतं, आणि ते शामसुंदरनी कोणाला सांगितलं नव्हतं.

झालं असं होतं. देवानंद नावाचा एक पोरगा दुर्गात धुमाल पार्टी चालवायचा. म्हणजे गाडीवर मोठाले भोंगे बांधून वरातीपुढे वाजवत जायचं. त्याच्या मिक्सरमधून भोंग्यांकडे किती जोराचा आवाज सोडायचा, हे शामसुंदर सीआरओवर रेघ बघून बसवून देत. पडद्यावर बारीक घरं आखलेली असतात. रेघ इतकी घरं उंच चढली की थांबायचं, हा हिशोब त्यांच्या बोटांत बसलेला. तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या, आणि नंदिनी नगरातल्या पहिल्याच वरातीत देवानंदचे भोंगे जळाले. शामसुंदरनी मिक्सर पुन्हा बघितला, पुन्हा बसवून दिला. पुढच्या वरातीत परत तेच. नवरदेव घोडीवर, वऱ्हाड रस्त्यावर, आणि गाडी मुकी! नवरदेवाचे दोस्त शेवटी टाळ्या वाजवत नाचले म्हणे. देवानंदची सगळ्या दुर्गात छी थू झाली.

सीआरओ खोटं बोलेल, हे शामसुंदरच्या मनातही आलं नाही. बायकोच्या शब्दावर जेवढा नव्हता तेवढा त्यांचा त्या डब्यावर भरवसा. मग उरलं कोण? डोळे उरले. हात उरले. सकाळी दाढी करताना ते आपलीच बोटं आरशात बघत, कापतात की काय म्हणून. आणि नवा सीआरओ का नको होता, याचं खरं कारण हे होतं, की नवा आणला आणि तरीही भोंगे जळले, तर मग दोष कोणाच्या गळ्यात घालायचा? जुना होता तोवर निदान लोक म्हणाले असते, बुढ्याचं मशीन जुनं झालं. भीती वाटत होती माणसाला, सरळ भीती!

आणि एका दुपारी देवानंद परत आला. मिक्सर काखेत, मान खाली.

"या जी, देवानंदभाऊ," रत्नमालाबाईंनी पाणी दिलं. "पुन्हा जळलं का?"

"काकू, काकाजींची काई गलती नाई," देवानंद घाईनं म्हणाला. चांगला होता बिचारा. पाणी पिऊन त्यानं पेला दोनदा फिरवला. "काकाजी, एक बोलू? राग नका मानू. मिक्सर इथंच ठेवून जातो, तुमी आरामानं पाहा. पण यावेळी बारात मोठी हाय, प्लान्टच्या सेक्टरमधली. तं तोवर मी रायपूरहून दुसरा लावून घेतो. तुमची तब्येत बी..."

"माह्या तब्येतीले का झालं?" शामसुंदर म्हणाले.

"काई नाई, काई नाई जी. उमर झाली म्हणजे आराम पायजे माणसाले."

बोलला तो प्रेमानंच. पण काही वाक्यं अशी असतात, की प्रेमानं बोलली म्हणून जास्तच लागतात. शामसुंदर दारापर्यंत पोचवायला गेले, हसून निरोप दिला, परत येऊन खुर्चीवर बसले आणि त्या दिवशी त्यांनी सीआरओ चालूच केला नाही. रत्नमालाबाई विरजणाचं भांडं घेऊन आल्या, डब्यावर हात ठेवून बघितला, थंडगार. भांडं घेऊन आत गेल्या.

रात्रीच्या जेवणाला शामसुंदरनी स्वतःच विषय काढला.

"भूमी, तो सीआरओ विकून टाक बाई मोबाईलवर. तुमी लोक टाकता ना जाहिरात."

भूमिकानं पोळी हातातच ठेवली. "खरंच? मंग नवा मागवू? आजच मागवते!"

"नवा बी नाई. टेबलच काढाचं हाय तिथून. दिवाण टाकू. तुये दोस्त-मैत्रिणी आले तं बसाले होईन."

भूमिकाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला काहीच वाटेना. आईकडे बघितलं, तर आई ताटात बघत होती.

"मंग दही?" रत्नमालाबाई शेवटी म्हणाल्या.

"बाजारात मिळते दही," शामसुंदर म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. त्या घरात बाजारचं दही म्हणजे काय ते त्या दोघींनाच ठाऊक. पावणेरावळे अडून बसले तरी रत्नमालाबाईंनी कधी आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकानं सीआरओ चालू केला. जाहिरातीत फोटो टाकायचा तर मशीन चालू हालतीत आहे हे दिसायला हवं. शामसुंदर अंगणात तुळशीजवळ पाठ करून बसले होते, पेपर वाचल्यासारखं करत. पेपर कालचा होता. रत्नमालाबाईंनी तेवढ्यात संधी साधली. डबा तापतोय हे बघून कालच्या न लागलेल्या दह्याचं भांडं शालीसकट त्याच्या डोक्यावर आणून ठेवलं. "जाईस्तोवर तं काम करू दे तेले," असं म्हणून आत गेल्या.

आता या सीआरओला समोरच एक छोटी खिट्टी असते. तार तिला लावली, की पडद्यावर एक चौकोनी लाट उभी राहते. ती ठरलेल्या उंचीचीच असते, आणि ती बरोबर दिसली म्हणजे समजायचं, मशीन खरं बोलत आहे. भूमिका शाळेत होती तेव्हा या खुर्चीवर उकिडवी बसून बापाचं काम बघायची, आणि बाप तिला रोज एकच गोष्ट सांगायचा: काही मोजायच्या आधी चौकोन पाहायचा. चौकोन पाहिल्याशिवाय हात लावला की टपली बसायची. पुढे शिकली, इंजिनियर झाली, पण ती सवय हाताला चिकटूनच राहिली. आताही फोटोची घाई होती, तरी हातानं आपलं काम केलं. तार खिट्टीला लागली.

तिनं डोळे बारीक केले. घरं मोजली. परत मोजली.

"पापा! जरा इकडे येता का?"

"फोटो काढ न बाई तू. मले कावून बोलावून राहिली?"

"चौकोन छोटा दिसून राहिला."

पेपर खाली पडला. शामसुंदर आत आले ते चप्पल घालूनच, आणि रत्नमालाबाईंच्या राज्यात हा मोठा गुन्हा होता. पडद्यावर लाट चांगली ठसठशीत उभी होती, पण चार घरं चढायची ती जेमतेम तिसऱ्याला टेकलेली. ते बघतच राहिले. शेवटचा चौकोन आपण कधी पाहिला? आठवेना. दिवाळीच्या आधी? की त्याच्याही आधी? लेकीला टपल्या मारून शिकवलं आणि आपण स्वतः, अचूक कामाचा सत्कार झालेला माणूस, सीआरओ चालू करून सरळ कामालाच लागत होतो!

"अरे भैताडा," ते स्वतःलाच म्हणाले.

"पापा, हे लाल बटन पाहा," भूमिका वाकली. "हे पूर्ण उजवीकडे असते ना?"

सीआरओच्या अंगावर वीस-पंचवीस बटनं, पण त्यात एक लाल, छोटं, ज्याला कोणी कधी हात लावत नाही. ते उजवीकडे टोकाला 'टक्' करून बसलेलं असलं तरच पडद्यावरची घरं खरी. जरा डावीकडे सरकलं की रेघ बुटकी दिसते. लांजेवारांच्या घरी ते इतकी वर्षं टोकालाच होतं, त्यामुळे तिकडे बघायचं असतं हेच शामसुंदर विसरून गेले होते. आणि आज ते डावीकडे कललेलं होतं. म्हणजे सीआरओ कमी दाखवत होता, आणि रेघ पुरती चढवायला म्हणून शामसुंदर आवाज वाढवून देत होते. भोंगे नाही जळणार तर काय होणार!

शामसुंदरनी बटन बोटानं उजवीकडे फिरवलं. टक्. चौकोन चार घरांवर जाऊन उभा राहिला.

"भूमी!" ते एवढ्या जोरात ओरडले की तुळशीवरच्या चिमण्या उडाल्या. "अवो, माहे हात ठीक हायेत! माहे डोये ठीक हायेत! मी ठीक हावो!"

"तुमी ठीक नाई असं कोण म्हणलं?" भूमिका हसत म्हणाली, आणि मग एकदम हसायची थांबली. कालचं जेवण तिला आता समजलं.

"पण हे सरकवलं कोणं?"

शामसुंदरनी बटन नीट निरखलं. बटनाच्या मुळाशी एक सोनेरी धागा गुंडाळलेला होता, चांगला पिळून बसलेला. त्यांनी मान वर केली. सीआरओच्या डोक्यावर दह्याचं भांडं, भांड्याला शाल, आणि शालीच्या टोकाचे सोनेरी गोंडे पडद्याच्या बाजूनं खाली लोंबत होते, थेट लाल बटनापर्यंत. रोज सकाळी भांडं उचललं जाई. रोज सकाळी गोंडा अडके, आणि बटन जरासं डावीकडे.

भूमिकानंही बघितलं. दोघं एकमेकांकडे बघत असतानाच रत्नमालाबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या.

"का झालं? कावून ओरडून राहिले एवढे? आन् चप्पल!"

"बटन सरकलं होतं एक," शामसुंदर म्हणाले. धागा तोवर त्यांच्या खिशात गेला होता. "त्याच्यानं देवानंदचे भोंगे जळत होते. आता झालं ठीक."

"कोणं सरकवलं?"

"मीच. पुसता पुसता हात लागला असन."

"तुमी कधी पुसता?" रत्नमालाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं मळभ असं सर्रकन उतरलं होतं की पुढचं भांडण त्यांना सुचलंच नाही. "चप्पल काढा पहिले," एवढं म्हणून कणकेकडे गेल्या. आतून गुणगुणणं ऐकू आलं.

शामसुंदरनी देवानंदला फोन लावला. माणसानं चूक केली की ती सांगून टाकावी, हे प्लान्टातलं जुनं वळण त्यांच्या अंगात होतं. "गलती माहीच होती, भाऊ. मशीन न तपासता तुयं काम केलं. मिक्सर आजच बसवून देतो, जळलेले भोंगे बी मीच भरून देतो. आन् सेक्टरच्या बारातीत मी सोता गाडीवर बसतो." देवानंद हो हो म्हणाला, जरा भीतभीतच. वरात निघाली तेव्हा शामसुंदर खरंच गाडीवर ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते, कानाला मफलर बांधून. भोंगे सेक्टरपासून लग्नाच्या हॉलपर्यंत असे गाजले, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एकही जळला नाही. देवानंदनं त्यांना नवरदेवासारखा हार घातला, आणि रायपूरचं नाव पुन्हा काढलं नाही.

घरी आल्यावर शामसुंदर भूमिकाला म्हणाले, "तो पुस्तकाएवढा मागव."

"आता? आता तं जुना ठीक झाला!"

"म्हणूनच मागव. दोन असले म्हणजे एकानं दुसऱ्याले तपासता येते. तेव्हा मले भीती वाटे त्याची. आता नाई वाटत."

असा नवा आला. टेबलाच्या कोपऱ्यात बसला, हलका, शहाणा, आकडे लिहून दाखवणारा. रत्नमालाबाईंनी त्याच्यावर हात ठेवून बघितला. "ह्या! हा तं फ्रीजासारखा थंड हाय," म्हणाल्या. तेवढ्यावर त्याचा निकाल लागला, आणि मधली जागा जुन्याकडेच राहिली.

संध्याकाळी त्या विरजणाचं भांडं घेऊन आल्या, आणि ठेवता ठेवता थांबल्या. सीआरओच्या एका बटनावर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलेलं होतं.

"हे का हाय?"

"झाकण हाय," शामसुंदर मिक्सरमध्ये डोकं घालून म्हणाले. "धूळ बसते."

"एवढ्या बटनायमधून याच एका बटनावर बसते का धूळ?"

शामसुंदरनी डोकं आणखी आत घातलं. रत्नमालाबाईंनी भांडं टेबलावर ठेवलं, शाल सोडली, गोंडे हातात घेऊन एकेक बघितले. एका गोंड्याचे धागे उपटलेले होते. त्यांनी तो गोंडा झाकणाच्या जवळ नेऊन धरला. बरोबर तिथंच पोचत होता.

त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मीच होते."

"अवो, तू कायले..."

"तुमी किती दिवस तोंड पाडून बसले होते. मी विचार करे, पोरीच्या लग्नाची चिंता असन. आन् कारण माहं दही! सांगतलं कावून नाई मले?"

"सांगतलं असतं तं तू इथं दही लावणं सोडलं असतं."

"आन् त्याच्या आधी? टेबल काढून दिवाण टाकाले निघाले होते, तेव्हा?"

शामसुंदरनी पकड खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेव्हा मले वाटलं का मी संपलो, रत्ना," ते म्हणाले. "असं कोनाले सांगते का माणूस?"

रत्नमालाबाईंचे डोळे भरून आले आणि रागही तेवढाच आला. "मले सांगते," त्या म्हणाल्या. "मले सांगाचं असते. मी कायच्यासाठी हावो घरात? नुसतं दही लावाले?"

त्या उठल्या, शिलाई मशिनीच्या खणातून कात्री आणली, आणि समाजाच्या अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात खांद्यावर घातलेल्या त्या शालीचे गोंडे एका बाजूनं कापायला लागल्या. कच, कच.

"अवो, सत्काराची शाल हाय ते!"

"झाला ना सत्कार. आता कामाची झाली."

दुसरी बाजूही कापली. गोंड्यांचा ढीग देवानंदच्या मिक्सरवर पडला. मग त्यांनी नखानं ते झाकण उचकटून काढलं, बटन स्वतःच्या बोटानं उजवीकडे दाबून बघितलं, टक् वाजतं का ते ऐकलं, आणि बिनगोंड्याच्या शालीत गुंडाळलेलं भांडं सीआरओच्या डोक्यावर ठेवलं.

"आता चालू करा तेले," त्या म्हणाल्या. "आन् पहिले चौकोन पाहा."

शामसुंदरनी सीआरओ चालू केला आणि रेघ उमटेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.